भावाच्या नावावर

दर नोव्हेंबरात माझे वडील इस्त्रीचा सदरा घालून बदनापूरच्या बँकेत जायचे आणि आपला थोरला भाऊ जिवंत आहे असं सांगून यायचे. पेन्शनवाल्यांना वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. काउंटरवरचा मुलगा नाव विचारायचा, अण्णा भावाचं नाव सांगायचे, अंगठा टेकवायचे, आणि मग आम्ही दोघं बसस्टँडसमोर चहा प्यायचो. भाऊ खरोखरच जिवंत होता. त्या वेळी तो गावात लिंबाच्या पारावर तंबाखू मळत बसलेला असायचा. त्यामुळं आपण खोटं बोलतोय असं अण्णांना कधी वाटलं नाही. मलाही नाही.

झालं होतं असं. आमचं गाव बदनापूर तालुक्यात, राजूरच्या बाजूला. अण्णांना नुकतं मिसरूड फुटत होतं तेव्हा त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे मोठे बाबा, एका ठेकेदाराच्या मागं चांद्याकडच्या कोळशाच्या खाणीत गेले. तिथं कायम झाले. कायम झाल्यावर थोड्याच दिवसांत त्यांच्या डोळ्यांदेखत छताचा दगड खाली आला. कुणाला लागलं नाही, पण मोठे बाबा जे सुट्टी टाकून गावाला आले ते परत जायला तयारच होईनात. कायमची नोकरी, ती सोडवते का? मग आजीनं धाकट्याला पाठवलं. चेहरे सारखे, अंगलट सारखी. खाली उतरायच्या आधी बत्तीघराच्या खिडकीतून टोपीची बत्ती आणि नंबराचा पितळी बिल्ला घ्यावा लागतो. त्या खिडकीतल्या माणसानं अण्णांकडं बघितलं आणि म्हणाला, "सुट्टी में सूख गया रे तू." बस्स, एवढंच. बिल्ला हातात पडला, आणि त्या दिवसापासून रिटायर होईस्तोवर अण्णा भावाच्या नावानं खाली उतरले.

असं करणारे ते एकटे नव्हते. मामाच्या नावावर भाचा, मेव्हण्याच्या नावावर मेव्हणा, असे आमच्या क्वार्टरच्या लाईनीत कितीतरी होते. खरं नाव कुणी कुणाला विचारत नसे, आणि विचारलंच तर विचारणाऱ्याला बाकीचे वेड्यात काढत.

माझ्या दहावीच्या सर्टिफिकेटवर मधलं नाव मोठ्या बाबांचं आहे. जालन्याच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले तेही त्याच नावानं. सुट्टीत गावाला आलो की मोठे बाबा पारावरून ओरडायचे, "काय गं, बापाला चहा देतीस का न्हाई?" सगळा पार हसायचा. अण्णाही हसायचे. गावात त्यांना लहान-थोर सगळे धाकल्याच म्हणत. खाणीत ते मोठे बाबा होते आणि घरात अण्णा. त्यांचं पाळण्यातलं नाव मी लहानपणी आजीच्या तोंडून कधीमधी ऐकलेलं, ते पण ती रागावली असली की. आजी गेली आणि ते नाव घेणारं कुणी राहिलं नाही.

राहिली माय. ती तर दोन्हीकडून अडकलेली. तिच्या वेळच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नव्हत्या. धर्मांतर झालं, घरात पंचशील आलं, पण ही सवय काही गेली नाही. बरं, कॉलनीत नवरा ज्या नावानं ओळखला जायचा ते नाव थोरल्या दिराचं. त्याच्यासमोर तर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, नाव कुठून घेणार? माझ्या जन्माच्या वेळी खाणीच्या दवाखान्यात नर्सनं विचारलं, नवऱ्याचं नाव काय? माय गप्प. नर्स ओरडली, "पोट दुखतंय का तोंड दुखतंय?" शेवटी शेजारची बाई धावत आली आणि तिनं नाव सांगितलं. ही गोष्ट माय स्वतःच सांगायची आणि पदर तोंडाला लावून हसायची. पण तेव्हासुद्धा नाव काही सांगायची नाही. "मंग तिनं सांगितलं," म्हणून पुढं जायची.

खाण बंद झाली. पंप थांबले, खाली पाणी भरलं, क्वार्टरं रिकामी करा म्हणून नोटीस लागली. अण्णा तोवर रिटायर व्हायला आलेच होते. आम्ही गावाला परत आलो आणि पत्र्याच्या घराच्या जागी स्लॅबचं घर बांधलं. त्या स्लॅबवर अण्णांचा भरवसा नव्हता. झोपायच्या आधी ते काठीनं छत ठोकून बघायचे, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, कान वर करून. माय म्हणायची, "झालं का वाजवून? झोपू द्या आता." ठणठणीत आवाज आला की छत घट्ट, भद्द आला की पळा, असं त्यांनी मला सांगितलं होतं. याच्यापलीकडं खाणीचं ते काही सांगायचे नाहीत. मायला एवढंच माहीत होतं की खाली ऐसपैस असतं, जालन्याच्या टेशनासारखं उंच, आणि लायटी असतात. तसं अण्णांनीच तिला लग्न झाल्यावर सांगितलं होतं. बायकांना खाली नेत नव्हते, त्यामुळं बघायचा प्रश्न नव्हता.

आणि मग परवाच्या दिवाळीआधी ती पोरगी आली. औरंगाबादला चित्रकला शिकलेली, केस कापलेले, खांद्याला मोठी पिशवी. आपल्या जिल्ह्यातून खाणीत गेलेल्या आणि खाण बंद पडल्यावर परत आलेल्या लोकांना ती गावोगाव शोधत फिरत होती. भोकरदनकडं काही सापडले होते, पिंपळगाव रेणुकाईला एक जण होता, तिथूनच कुणीतरी अण्णांचा पत्ता दिला. ती त्यांचे आवाज भरून घेणार, त्यांची चित्रं काढणार आणि जालन्यात त्याचं प्रदर्शन लावणार.

मला खरं सांगायचं तर तिचा रागच आला. आयुष्यभर कुणी विचारलं नाही आणि आता छाती भात्यासारखी वाजायला लागल्यावर आठवणी पाहिजेत म्हणे.

"म्हणजे आमचा खोकला ऐकायला लोक तिकीट काढून येणार?" मी विचारलं.

"फुकट आहे, मॅडम," ती म्हणाली. ती मला टोमणा मारत होती की सरळ सांगत होती ते मला आजही कळलेलं नाही.

अण्णांना मात्र ती आवडली. त्यांनी बँकेत घालायचा सदरा काढून अंगात घातला. कॉलरला छोटा माईक लावून घेताना मान अशी वर केली की जणू न्हावी दाढी करतोय. माय स्वयंपाकघरात मिरच्या भाजत होती. मी दारातल्या खुर्चीवर सहामाहीचे पेपर तपासत होते. पोरगीनं मशीन चालू केलं आणि म्हणाली, "बाबा, आधी तुमचं नाव सांगा."

अण्णांनी सदऱ्याची वरची गुंडी लावली. मला वाटलं ऐकू गेलं नाही. त्यांनी एकदा वर छताकडं बघितलं, आणि नाव सांगितलं. स्वतःचं. पाळण्यातलं.

माझा लाल पेन तसाच हातात राहिला. इतक्या वर्षांत ते नाव मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं नव्हतं. आवाज पण वेगळा लागला होता, शाळेत हजेरी देतात तसा.

माय कालथा हातात घेऊनच बाहेर आली. "ओ पोरी, बंद कर ते. आन् तुमी काय बोलून राह्यले? डोकं ठिकाणावर हाय का?"

"नाव इच्यारलं तिनं. सांगितलं," अण्णा म्हणाले.

"काहून सांगितलं? पोटावर पाय देयाला? उद्या कुणी ऐकलं, पेन्शन बंद झाली, मंग खाताल काय, ते नाव?"

पोरगी बिचारी एकदा हिच्याकडं बघे, एकदा त्यांच्याकडं. मी तिला दोन वाक्यांत काय ते सांगितलं. ती घाबरली. म्हणाली, मी काढून टाकते, अत्ताच्या अत्ता, तुमच्यासमोर. माय तिथून हललीच नाही. अण्णा मायकडं बघत होते. रागानं नाही. कसं ते सांगता येत नाही.

"काट बाई," ते शेवटी म्हणाले. "पुन्यांदा घे."

तिनं पुन्हा विचारलं आणि अण्णांनी बँकेत सांगतात तसं मोठ्या बाबांचं नाव खणखणीत सांगितलं. माय आत गेली आणि खलबत्त्यात ठेचा कुटायला लागली. एवढ्या जोरानं की जणू त्या मिरच्यांनीच पेन्शन बंद केली होती. मी तिची समजूत काढायला आत गेले. त्यामुळं बाहेर अण्णा पुढं काय बोलले ते आम्हां दोघींनाही ऐकू आलं नाही. बोलले मात्र बराच वेळ. मधून मधून खोकत होते, आणि एकदा काठीनं छत ठोकल्याचा आवाज आला.

जाताना पोरगीची नजर दाराजवळच्या काळ्या ढेकळाकडं गेली. वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून ते तिथं लावलेलं असायचं. "हा दगड कुठला?"

"दगड न्हाई, कोळसा हाय. आमचाच," अण्णा म्हणाले. क्वार्टर सोडताना त्यांनी तेवढा एकच तुकडा सामानात आणला होता. तिनं विचारलं, चित्र काढायला नेऊ का? अण्णांनी स्वतः उचलून तिच्या पिशवीत टाकला. त्याबरोबर आपली एक जुनी पांढरी चादरही दिली, तिला कापड पाहिजे होतं म्हणून. माय म्हणाली, आता दार आपटंल. अण्णा म्हणाले, आपटू दे.

त्याच हिवाळ्यात अण्णा गेले. छातीनंच. फार दिवस काढले नाहीत.

त्या दिवसांचं मला नीट काही आठवत नाही. मला रडू आलं नाही, एवढं आठवतं. लोक येत होते, बसत होते, मी चहा करत होते. नातेवाईक बायका माझ्याकडं बघून आपापसांत कुजबुजत होत्या आणि मला त्याचंही काही वाटत नव्हतं. दार आपटत होतं. कुणीतरी त्याला वीट लावली, ती सरकायची आणि दार पुन्हा आपटायचं. मी तेवढंच ऐकत बसायची.

मृत्यूचा दाखला अर्थातच मोठ्या बाबांच्या नावानं निघाला. नाहीतर मायला त्यांच्या मागं पेन्शन मिळाली नसती. ग्रामपंचायतीतल्या माणसाला सगळं ठाऊक होतं. त्यानं मान खाली घालून लिहिलं. मोठे बाबा तिथं माझ्या शेजारीच बसलेले. दाखला हातात घेऊन त्यांनी तो उलटासुलटा करून बघितला.

"मंग म्या गेलो म्हणायचं," ते म्हणाले.

त्यांच्या स्वतःच्या कागदांचं पुढं काय झालं ते मला विचारू नका. ते अजून चालूच आहे, आणि मोठे बाबा तहसीलला खेटे घालून आता तिथल्या शिपायाचे दोस्त झालेत.

जलदान विधीच्या दिवशी विहारात खरी पंचाईत झाली. आमच्यात गेलेल्या माणसाच्या नावाआधी कालकथित म्हणतात. सूत्रसंचालन करणारा आमच्याच भावकीतला. माईक हातात घेऊन तो म्हणाला, "कालकथित..." आणि थांबला. समोर पहिल्या ओळीत मोठे बाबा बसलेले, फेटा बांधून, जिवंत. दाखल्यावरचं नाव घ्यावं तर माणूस समोर. खरं नाव घ्यावं तर त्याला ते माहीत तरी कुठं होतं? त्यानं माझ्याकडं बघितलं, मी मायकडं. मायनं मान हलवली, नाही म्हणून. बाहेरगावची माणसं होती, कोण कुठं काय बोलेल सांगता येत नव्हतं.

"कालकथित आपले अण्णा," तो म्हणाला आणि कार्यक्रम पुढं गेला.

नंतर जेवणं चालू असताना मोठे बाबा माझ्याजवळ येऊन बसले. ताट तसंच होतं. "त्याचं नाव कोरं करकरीत पडून राह्यलं बघ," ते म्हणाले. "माझंच झिजवलं त्यानं. माझं वापस घेयाचं आन् त्याचं त्याला देयाचं, हे एकदा करायला पायजे व्हतं. राहून गेलं." मग त्यांनी वरण मागितलं.

मी शाळेत जायला लागले. सकाळची गाडी, बदनापूर ते जालना, संध्याकाळी परत. वर्गात शिकवत होते, पोरांना ओरडत होते, सगळं बराबर चाललं होतं. घरी आले की माय म्हणायची, जेवून घे, मी जेवायची. ती म्हणायची झोप, मी झोपायची. आम्ही दोघी अण्णांबद्दल बोलत नव्हतो. कुणी ठरवलं नव्हतं, पण नव्हतो. झोपायच्या वेळी माय कधीकधी छताकडं बघत पडायची.

उन्हाळ्याच्या तोंडावर पोरगीचा फोन आला. प्रदर्शन जालन्यात, एका बंद पडलेल्या जिनिंगच्या गोडाऊनमध्ये लागणार होतं. अण्णा गेल्याचं तिला मीच कळवलं होतं. ती अडखळत म्हणाली, चित्राखाली नाव कुठलं लिहू? मी फोन मायकडं दिला.

"थोरल्याचंच टाक," माय म्हणाली. "कागदावर जे हाय ते." आणि फोन मला परत दिला.

मोठ्या बाबांना या म्हटलं तर म्हणाले, "माझ्या नावाची पाटी बघायला म्या जाऊ? न्हाई बा." मग आम्ही दोघीच गेलो. मायनं पांढरी साडी नेसली, पायात चप्पल नवी, आणि बसमध्ये खिडकीतून बाहेर बघत राहिली. मला वाटलं होतं, आपण जाऊ, हार घालू, परत येऊ. शाळेच्या स्नेहसंमेलनाला जाते त्याच मनानं मी चालले होते.

गोडाऊनमध्ये सरकीचा जुना वास अजून होता. आत जायला पोरगीनं काळ्या कापडाची एक गल्ली केली होती, लांबलचक आणि बुटकी. वरचं कापड इतकं खाली की सरळ चालताच येत नव्हतं. कमरेत वाकायचं, पुढं तर गुडघ्यांवरच यायचं. आत अंधार. तोंडाशी एक बत्ती देत होते, कपाळाला बांधायची. पोरगी धावत आली. "आजी, तुम्ही नका, तुम्हाला बाजूनं सरळ वाट आहे." मायचे गुडघे गेलेले आहेत हे तिला माहीत होतं.

"काहून? बाकीचे कुठून चालले?" माय म्हणाली, आणि पदर खोचून आत शिरली. मी मागं.

आत आवाज चालू होते. कुणी कुणी बोलत होतं, त्यात भोंगा, पाण्याचा थेंब थेंब आवाज. मधेच काठीनं छत ठोकल्याचा आवाज आला आणि मी जागच्या जागी थांबले. तो आमच्याच घरातल्या स्लॅबचा होता, तो मी कुठंही ओळखला असता. आणि मग अण्णा बोलायला लागले.

"आमच्या बाजूचा कोळशाचा थर पातळ व्हता बाई. उभं राह्यता येत न्हवतं. वाकून भरायचं, काही जागी गुडघ्यावर. खाली पाणी. पाळी संपल्यावर वर येऊन पाठ सरळ करायला टाईम लागायचा. तसंच घरी गेलो तर बायको इच्यारंल म्हणून मी बत्तीघरापाशी जरा वेळ बसायचो. मंग जायचो." खोकला. "घरी सांगत न्हवतो. तिला म्हणलं व्हतं, खाली टेशनासारखं उंच हाय. तिला खरं वाटलं. बरं झालं."

माझ्यापुढं माय गुडघ्यांवर होती. तिच्या बत्तीचा उजेड खालच्या तरटावर पडला होता आणि हलत नव्हता. मागून कुणीतरी म्हणालं, चला, चला. माय तशीच राहिली. आवाज संपून दुसऱ्या माणसाचा सुरू झाला तेव्हा तिनं हात टेकला आणि पुढं सरकली.

"एवढं बुटकं," बाहेर आल्यावर ती म्हणाली. माझ्याकडं बघून नाही. "एवढ्यात व्हता त्यो?"

मी तिला उठवून उभं केलं. तिच्या साडीला गुडघ्यावर काळे डाग पडले होते. पोरगीनं तरटावर खरंच कोळशाची भुकटी टाकली होती.

समोर सगळ्यांची चित्रं टांगलेली होती, ज्यानं त्यानं दिलेल्या कापडांवर. अण्णांचं त्यांच्या चादरीवर, आमच्या दाराच्या ढेकळानं काढलेलं. चादरीची निळी किनार खाली तशीच ठेवली होती. चेहरा हुबेहूब होता. सदऱ्याची वरची गुंडी लावलेली, मान थोडी वर. खाली पाटी, पाटीवर मोठ्या बाबांचं नाव. माय ते वाचू शकत नव्हती, पण तिला ठाऊक होतं काय लिहिलंय ते.

तेवढ्यात एक गृहस्थ आले. सफारी घातलेले, हातात चष्म्याचं घर. खाणीच्या ऑफिसातून रिटायर झालेले म्हणून पोरगीनं त्यांना उद्घाटनाला बोलावलं होतं. त्यांनी पाटी वाचली आणि मायकडं वळून म्हणाले, "अरे, याला मी ओळखतो ना! रातपाळीला असायचा." आणि त्यांनी मोठ्या बाबांचं नाव घेतलं. "तुम्ही त्याच्याच घरच्या का?"

ऑफिसातला माणूस. जन्मभर माय ज्याला भीत आली, तो असाच कुणीतरी. मी पटकन तिचा हात धरला.

"न्हाई," माय म्हणाली. "ते थोरले. ते गावात हायत, जिवंत. हे धाकले." आणि तिनं अण्णांचं नाव घेतलं. पाळण्यातलं, आडनावासकट. पदर सावरला नाही, मान खाली घातली नाही. "माझे मालक. खाली हे रांगले. नाव त्यांचं लावलं, पर रांगले हे."

गृहस्थांनी चष्मा घातला, चित्राकडं बघितलं, मग पाटीकडं बघितलं. "बराबर," ते म्हणाले. त्यांना कळलं की नाही, की सगळं आधीपासूनच माहीत होतं, कोण जाणे. ते पुढच्या चित्राकडं गेले. आम्ही जन्मभर ज्याची भीती घातली आणि खाल्ली ते एवढ्यात झालं.

पोरगी जवळच उभी होती, तिचे डोळे भरले होते. "आजी, पाटी बदलू का? लगेच दुसरी करते."

"राहू दे," माय म्हणाली. "पाटी कागदाची हाय, कागदाला लावून ठेव. म्या तोंडानं सांगन."

आणि ती तिथंच उभी राहिली, चादरीच्या शेजारी. पाहुण्यांना दारात उभं राहून या-बसा म्हणतात तशी. कुणी आलं, पाटी वाचली, की ती म्हणायची, ते न्हाई, हे, आणि नाव सांगायची. काहींना वाटलं म्हातारीचं डोकं फिरलंय. काही थांबून विचारायचे आणि मग ती सांगायची, सगळं, बत्तीघर, बिल्ला, सुट्टी में सूख गया. दवाखान्यातली नर्ससुद्धा सांगितली, आणि या वेळी "मंग तिनं सांगितलं" म्हणून पुढं गेली नाही. मी तिच्यासाठी स्टूल आणलं, ती बसली नाही. मी म्हटलं, "माय, पेन्शनचं काय?" ती म्हणाली, "व्हईल ते व्हईल. गप."

इतक्यांदा ते नाव माझ्या कानांवर पडत होतं आणि मी नुसती उभी होते. आतून काही हलत नव्हतं. विहारात जशी होते, बँकेत अण्णांबरोबर जशी असायची, तशीच.

दुपार उतरायला लागली तेव्हा मायचा घसा बसला. तिनं बाटलीतलं पाणी प्यायलं, पदरानं तोंड पुसलं आणि स्टुलावर बसली. "आता तू सांग," ती म्हणाली.

"मी?"

"मंग कोण? लेक हाइस ना त्याची."

एक बाई आली, कडेवर झोपलेलं पोर. ती गल्लीतून वाकून आलेली होती, कपाळावर बत्तीचा पट्टा अजून तसाच होता. चित्राकडं बघून तिनं मला विचारलं, "हे कोण?"

मी आयुष्यभर बापाच्या जागी दुसरं नाव लिहीत आले, सही करत आले, हे नाव मी तोंडानं एकदाही उच्चारलेलं नव्हतं. ओठांना ते कसं लागतं हेसुद्धा मला माहीत नव्हतं. बाईनं पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं, मला कमी ऐकू येत असेल म्हणून.

मी नाव सांगितलं. "माझे वडील," म्हटलं. "वारले." आणि तो शब्द तोंडातून गेल्यावर मला कळलं की ते गेलेत. इतके महिने कुणीतरी दुसरंच गेलं होतं. मी तिथं, त्या अनोळखी बाईसमोर, तोंड उघडं टाकून रडायला लागले.

बाईनं कडेवरचं पोर सावरलं. ते नाव एकदा स्वतःशी म्हणून बघितलं, बरोबर लक्षात राहावं म्हणून, आणि विचारलं, "असंच ना?"

"असंच," स्टुलावरून माय म्हणाली.